जॉन गॅरंड आणि त्यांची रायफल

कॅडेट मित्रांनो, रायफल खोलणे-जोडणे आपण सगळेच शिकलो आहोत. ग्राउंडशीटवर भाग ओळीने मांडायचे, पुल-थ्रूला चिंदी लावून नळी साफ करायची, तेलाचा हलका हात फिरवायचा आणि खोलले त्याच्या उलट क्रमाने सगळे जोडायचे. उस्ताद शेजारी घड्याळ घेऊन उभे असतात, त्यामुळे त्या वेळी डोक्यात एकच चिंता असते : वेळेत जमेल ना? पण एखादा भाग हातात घेतल्यावर कधी असा प्रश्न पडला आहे का, की याचा आकार असाच का? हा भाग स्क्रूड्रायव्हरशिवाय का निघतो? चिखलात पडलेली रायफल उचलून लगेच चालवता येईल की नाही, हे कोणी आणि कसे ठरवले?

या प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या आयुष्यात सापडतात. त्यांचे नाव जॉन कँटियस गॅरंड. ते सैनिक नव्हते. महाविद्यालयाची पायरीही चढले नव्हते. अमेरिकेच्या सरकारी शस्त्र कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी सोळा-सतरा वर्षे एकाच रायफलमागे घालवली. ती रायफल म्हणजे ‘एम-१’. सैन्याची नेहमीची रायफल म्हणून सर्वसाधारण पायदळ सैनिकाच्या हाती मोठ्या प्रमाणावर दिलेली ती पहिली अर्धस्वयंचलित रायफल.

गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलच्या दक्षिणेकडील सेंट रेमी या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचे आणि भाषा फ्रेंच. बारा भावंडांचे मोठे कुटुंब होते. आई वारली, तेव्हा जॉन अजून लहान होता. १८९९ च्या सुमारास वडील मुलांना घेऊन अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील ज्युएट सिटी या छोट्या गावी आले. तेथे कापडगिरणी होती आणि मुलांनाही काम मिळत असे. जॉनच्या वाट्याला जमीन झाडण्याचे काम आले. शाळा सुटली ती कायमचीच. इंग्रजी तो गिरणीतच, कामगारांचे बोलणे ऐकत ऐकत शिकला.

झाडता झाडता त्याचे लक्ष मात्र यंत्रांकडे असे. चाक का फिरते, धागा कोठे अडकतो, बिघडलेले यंत्र मिस्त्री कसे उघडतो, हे तो टिपून घेई. पुढे तो स्वतःच यंत्र-कारागीर झाला. १९०८ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात ‘ब्राउन अँड शार्प’ या कंपनीत त्याला काम मिळाले. अचूक मोजमापाची साधने आणि यंत्रे बनवणारी ही कंपनी. इंचाच्या हजाराव्या भागाइतक्या फरकाने एखादा सुटा भाग कसा नापास होतो, हे येथे रोज डोळ्यांसमोर दिसत असे. नेमबाजीचा छंदही त्यांना तरुणपणापासूनच होता. हात यंत्रावर आणि डोळा निशाण्यावर, अशी ही जोडी पुढे आयुष्यभर टिकली.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्याला हलक्या मशीनगनची गरज होती आणि सरकारने आराखडे मागवले. गॅरंड यांनी आपला आराखडा पाठवला. तो पसंत पडला आणि त्यांना वॉशिंग्टनला बोलावण्यात आले. मात्र पहिला नमुना तयार होईपर्यंत १९१९ उजाडले आणि युद्ध संपले होते. गन वापरात आली नाही, पण कारागीर वरिष्ठांच्या नजरेत भरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांची नेमणूक मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड आर्मरी या जुन्या सरकारी कारखान्यात झाली. १९२० मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

त्यांना दिलेले काम ऐकायला सोपे वाटते. त्या काळी अमेरिकन सैनिकाच्या हाती पाच गोळ्यांची स्प्रिंगफील्ड १९०३ ही बोल्ट अॅक्शन रायफल होती. ज्यांनी आपली जुनी .३०३ हाताळली आहे त्यांना तिची चाल ठाऊक आहे. एक गोळी झाडली की चापावरचा हात काढायचा, बोल्टची मूठ उचलून मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची आणि पुन्हा नेम धरायचा. एवढ्या वेळात निशाण्यावरचा डोळा हलतो. सैन्याला अशी रायफल हवी होती, की जी हे सगळे स्वतः करील. सैनिकाने फक्त चाप दाबायचा; एका दाबाला एक गोळी.

अडचण अशी, की गोळी सुटताना चेंबरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे ५० हजार पौंड इतका दाब निर्माण होतो. बोल्ट क्षणभर जरी आधी उघडला तरी रायफल फुटून सैनिकाचा चेहरा जायचा. उशिरा किंवा अर्धवट उघडला तर रिकामे काडतूस अडकायचे आणि शत्रूसमोर सैनिकाच्या हाती नुसती काठी उरायची. शिवाय वजन खांद्याला झेपेल इतकेच हवे. धूळ, चिखल, पाऊस, थंडी यांत ती चालली पाहिजे. ती जवानाला स्वतः उघडून साफ करता आली पाहिजे. आणि हे सगळे जमले तरी ती लाखोंनी बनवता आली पाहिजे. रायफलची खरी परीक्षा या सगळ्या अटी एकत्र पाळण्यात असते. एका अटीत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या रायफली त्या काळी बऱ्याच होत्या.

गॅरंड यांची पहिली कल्पना वेगळीच होती. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, जिच्यावर फायरिंग पिनचा आघात होतो, ती गोळी सुटताना किंचित मागे सरकते. त्या बारीकशा हालचालीवर त्यांनी सारी यंत्रणा चालवून दाखवली. वर्षे गेली, नमुने सुधारत गेले, चाचण्या झाल्या. दरम्यान सैन्याने काडतुसाची दारू बदलली आणि टोपीही घट्ट दाबून बसवायला सुरुवात केली. आता ती मागे सरकेना. ज्या पायावर इमारत उभी होती तो पायाच निघून गेला. गॅरंड यांनी तो आराखडा बाजूला ठेवला आणि गोळीमागच्या वायूच्या जोरावर चालणाऱ्या रायफलचे काम नव्याने हाती घेतले.

त्यांच्यासमोर स्पर्धकही तगडा होता. जॉन पेडरसन हे नावाजलेले शस्त्र-रचनाकार. त्यांची रायफल .२७६ इंच व्यासाच्या लहान काडतुसासाठी होती. ती देखणी होती आणि हलकीही. मात्र तिची काडतुसे सहज सरकावीत म्हणून त्यांवर मेणाचा पातळ थर द्यावा लागे. रणांगणावर प्रत्येक काडतूस मेण लावलेले आणि स्वच्छ मिळेलच, याची खात्री कोण देणार? गॅरंड यांच्या रायफलला साधी, कोरडी काडतुसे पुरत. त्यांनीही .२७६ ची आवृत्ती तयार केली आणि १९३१ च्या चाचण्यांत ती सरस ठरली. पण त्याच वेळी जुन्या, अधिक ताकदीच्या .३० काडतुसासाठी केलेल्या त्यांच्या एकुलत्या एका नमुन्याचा बोल्ट तडकला आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये तो चाचणीतून मागे घ्यावा लागला.

.२७६ ची बाजू वर होती आणि तीच स्वीकारावी अशी शिफारसही झाली होती. दुसरा कोणी असता तर तडकलेल्या नमुन्याचा नाद त्याने सोडला असता. गॅरंड यांनी बोल्ट नव्याने आखला, सुधारलेली रायफल पुन्हा चाचणीला उभी केली आणि ती उत्तीर्ण झाली. लगेचच सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांचा निर्णय आला : काडतूस बदलायचे नाही. कोठारांत .३० काडतुसांचा प्रचंड साठा पडून होता आणि मंदीच्या त्या दिवसांत नवा खर्च परवडणारा नव्हता. फेब्रुवारी १९३२ मध्ये .२७६ चे सर्व काम थांबले. पेडरसन यांची रायफल तेथेच संपली. गॅरंड यांच्याकडे मात्र दुरुस्त केलेला बोल्ट तयार होता.

ही रायफल चालत कशी होती? अंतिम स्वरूपात तिच्या नळीच्या तोंडाजवळ, खालच्या बाजूला, एक बारीक भोक असे. गोळी त्या भोकापुढे गेली की मागचा थोडा वायू त्यातून खालच्या सिलिंडरमध्ये उतरे आणि दट्ट्याला मागे ढकले. दट्ट्या एका लांब दांड्याच्या टोकाशी असे. त्याला ऑपरेटिंग रॉड म्हणत. हा दांडा मागे येताना बोल्टला फिरवून त्याचे कुलूप उघडी. रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई, घोडा मागे चढे, मग स्प्रिंग दांड्याला पुढे ढकली आणि बोल्ट जाता जाता नवे काडतूस चेंबरमध्ये नेऊन पुन्हा कुलूपबंद होई. भोक तोंडाजवळ असल्यामुळे वायू पोचेपर्यंत दाब बराच उतरलेला असे आणि कुलूप योग्य वेळी उघडे.

१९३४ च्या मे महिन्यात ७५ रायफली प्रत्यक्ष सैनिकांच्या हाती चाचणीसाठी दिल्या गेल्या : ५० पायदळाला, २५ घोडदळाला. कारखान्याच्या चाचणीत आणि जवानाच्या हातात किती अंतर असते, ते येथे दिसले. तक्रारींची लांबलचक यादी परत आली. कामाला लागून चौदा-पंधरा वर्षे झाली होती. गॅरंड यांनी यादी घेतली आणि एकेक दोष दुरुस्त करायला बसले. या रायफलच्या इतिहासात त्या ७५ सैनिकांची नावे फारशी कोणी घेत नाही. पण ज्यांनी मनात काही न ठेवता दोष लिहून पाठवले, तेही एका अर्थाने तिचे घडवणारेच. अखेर ९ जानेवारी १९३६ रोजी ती सैन्याची अधिकृत रायफल ठरली.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण एक नमुना हाताने बनवणे निराळे आणि तसाच दहा हजारावा नग बनवणे निराळे. त्यासाठी लागणारी बरीच यंत्रे आणि साचे गॅरंड यांनी स्वतः आखले. सप्टेंबर १९३७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा दिवसाला दहा रायफली निघत. जानेवारी १९४१ पर्यंत हा आकडा दिवसाला ६०० वर गेला. ब्राउन अँड शार्पच्या कारखान्यात शिकलेली मापाची शिस्त येथे कामी आली. एका रायफलचा बोल्ट दुसरीत बसला पाहिजे, नाहीतर रणांगणावर दुरुस्ती कशी होणार?

या काळात दोन मोठे दोष उघड झाले. सुरुवातीच्या रायफलींना नळीत भोक नव्हते. नळीला भोक पाडणे वरिष्ठांना धोक्याचे वाटे, म्हणून वायू नळीच्या तोंडापुढे बसवलेल्या एका टोपणात पकडला जाई. हे टोपण ढिले होई, त्यात काजळी साठे आणि त्यावरच बसवलेली फोरसाइट हलली की नेम चुके. १९४० च्या आरंभी ही व्यवस्था काढून भोकाची पद्धत आली आणि आधीच्या रायफली परत मागवून बदलण्यात आल्या. दुसरा दोष अधिक चमत्कारिक होता. काही रायफलींत आठपैकी नेमकी सातवी गोळी अडकायची. आराखड्यात चूक सापडेना. शोध घेता घेता कारण मिळाले ते कारखान्यातच. रिसीव्हरच्या आत काडतुसाला दिशा देणारी एक कड असते. यंत्रकाम करताना तिचा थोडासा धातू नको तेवढा कापला जात होता. नखाएवढ्या धातूचा प्रश्न, पण पुढे उभ्या असलेल्या सैनिकाच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न होता.

वादही कमी झाले नाहीत. मरीन कोअरच्या राखीव दलातील कॅप्टन मेल्विन जॉन्सन यांनी आपली निराळ्या पद्धतीची रायफल पुढे आणली. तिच्यात दहा गोळ्या मावत आणि मधेच सुट्या गोळ्या भरता येत. वर्तमानपत्रांत आणि अमेरिकन काँग्रेसमध्ये चर्चा झडल्या. १९४० च्या अखेरीस मरीन कोअरने कॅलिफोर्नियात चार रायफलींची कठोर परीक्षा घेतली. अर्धस्वयंचलित रायफलींत गॅरंड यांची पहिली आली. पण चिखलात आणि खाऱ्या पाण्यात जुनी बोल्ट अॅक्शन स्प्रिंगफील्डच सगळ्यांत भरवशाची ठरली, हेही त्या परीक्षेत नोंदले गेले. म्हणूनच ऑगस्ट १९४२ मध्ये मरीन सैनिक ग्वाडलकॅनाल बेटावर उतरले ते जुनी रायफल घेऊन. ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लष्कराची रेजिमेंट एम-१ घेऊन तेथे पोहोचली, तेव्हा तिचा मारा मरीन सैनिकांनी शेजारून पाहिला आणि पुढे त्यांनीही तीच स्वीकारली.

मग या रायफलचे गुणदोष आज मोकळेपणाने कसे मांडावेत?

वजन सुमारे ४.३ किलो. लांब कूच करताना ते जाणवते, पण हेच वजन खांद्यावरचा धक्का कमी करते. घडवून यंत्रावर कापलेला पोलादी रिसीव्हर आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता ही तिची बांधणी इतकी दणकट, की अनेक रायफली दोन युद्धांत वापरल्या गेल्या. त्या काळच्या काडतुसांच्या धुराने लोखंड लवकर गंजे, म्हणून वायूचा सिलिंडर न गंजणाऱ्या पोलादाचा केलेला असे. मागची साइट दोन चकत्यांनी खटक्या-खटक्याने फिरे. एका खटक्याला शंभर यार्डांवर सुमारे एक इंच. चापाचा गार्ड मागच्या बाजूने ओढून सोडवला की रायफल तीन मुख्य भागांत सुटे. त्यासाठी हत्यार लागत नसे.

आठ गोळ्या पोलादी क्लिपसह वरून एकदम भरल्या जात. शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप खणकन बाहेर उडे आणि बोल्ट उघडा राही. सैनिकाला गोळ्या मोजाव्या लागत नसत. पण अर्धी क्लिप संपल्यावर मधेच सुट्या गोळ्या भरणे अवघड होते. शिवाय क्लिप दाबून बसवताना अंगठा वेळेत मागे घेतला नाही, तर बोल्ट सुटून त्यावर आदळे. त्या काळच्या किती तरी रंगरुटांनी हा धडा काळ्यानिळ्या अंगठ्याने गिरवला. सततच्या पावसात वंगण धुऊन गेले की बोल्ट आखडे. हा दोष चाचणीत नीट कळला नव्हता. उपाय म्हणून पाण्यात न धुपणारे घट्ट ग्रीस शोधले गेले आणि त्याची छोटी डबी दस्त्याच्या पोकळीत ठेवायला दिली गेली.

दुसरे महायुद्ध संपेपर्यंत सुमारे ४० लाख एम-१ रायफली तयार झाल्या. त्या स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टर या दोन कारखान्यांत बनल्या. जर्मनी आणि जपानच्या बहुतेक पायदळ सैनिकांच्या हाती तेव्हाही बोल्ट अॅक्शनच होती. अमेरिकन पलटणीचा प्रत्येक साधा सैनिक नेम न मोडता आठ गोळ्या झाडू शकत होता. जनरल पॅटन यांच्यासारख्या कडक सेनापतीनेही या रायफलची मनापासून वाखाणणी केली. पुढे कोरियाच्या युद्धातही तीच लढली, आणि तिच्यानंतर आलेल्या एम-१४ च्या रचनेत तिचेच अंग दिसते.

आपल्या देशात १९६२ च्या युद्धात जवान .३०३ बोल्ट अॅक्शन घेऊन लढले. त्यानंतर इशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ एस.एल.आर. त्यांच्या हाती आली. तिचे घराणे बेल्जियमचे, रचना निराळी. पण तीही वायूच्या जोरावर स्वतः भरणारी, एका दाबाला एक गोळी झाडणारी. असे शस्त्र साध्या जवानाच्या हाती भरवशाने देता येते, हे त्याआधी गॅरंड यांच्या रायफलने दाखवून दिले होते.

आणि गॅरंड यांना काय मिळाले? १९३६ मध्येच त्यांनी आपल्या शोधाचे सर्व हक्क सरकारला देऊन टाकले होते. लाखो रायफली निघाल्या, पण एकाही रायफलमागे त्यांना मानधन मिळाले नाही. सरकारी पगार तेवढा मिळत राहिला. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असा ठराव काँग्रेसमध्ये मांडला गेला, पण तो मंजूर झाला नाही. १९४४ मध्ये ‘मेडल फॉर मेरिट’ हे पदक मिळाले. ते पूर्वीसारखेच कामावर येत राहिले आणि १९५३ मध्ये निवृत्त झाले. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, स्प्रिंगफील्डमध्येच त्यांचे निधन झाले. आर्मरी त्याआधीच, १९६८ मध्ये, बंद झाली होती. आज तेथे संग्रहालय आहे.

त्यांच्यावर अन्याय झाला का, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. मला त्यांच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. टोपीची कल्पना फसली, बोल्ट तडकला, ७५ रायफलींची तक्रार आली, टोपण ढिले झाले, सातवी गोळी अडकली. प्रत्येक वेळी त्यांनी दोष मान्य केला, रायफल पुन्हा टेबलावर घेतली आणि कारण सापडेपर्यंत उठले नाहीत. त्या दोषांपैकी एक जरी झाकला गेला असता, तर त्याची किंमत कोणा अनोळखी सैनिकाने मोजली असती.

पुढच्या वेळी ग्राउंडशीटवर रायफल खोलाल, तेव्हा एखादी स्प्रिंग सैल वाटली, एखादा भाग घासत असला, तर वेळ वाचवण्यासाठी तसाच जोडून टाकू नका. उस्तादांना सांगा. रायफल तयार करणाऱ्यांचे काम तेथूनच पुढे चालू राहते.